बरडीचं झाड

प्रेमिलावहिनींनी चैत्रातच जाहीर करून टाकलं, "दसऱ्यापर्यंत या आंगणात एक तरी झाड जगलं तर राहीन. नाही तर दादाले बोलावतो अन् भिवापूरले जातो. मंग वापस येत नाही."

आम्ही शेजारच्या बायका हसलो. गणपतराव, म्हणजे त्यांचा नवरा, तेवढे हसले नाहीत.

१९७४ साल. नागपूरच्या पश्चिमेला टेकडीच्या अंगाला आमचं नवं लेआउट पडलं होतं. गणपतराव कचेरीत कारकून. त्यांनी दोन खोल्या बांधल्या आणि आई रुखमाबाई व बायको यांना घेऊन राहायला आले. अंगण म्हणाल तर काळा दगड आणि मुरूम, गवताची काडी नाही. वहिनी काळ्या मातीतल्या, मिरचीच्या शेतात वाढलेल्या. लग्नाला चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. त्यांचा पाय घरात ठरत नसे. भर उन्हात अंगणात येरझारा घालत, गोटे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेत, पुन्हा परत आणत. बघून माझाच जीव कासावीस व्हायचा. "बसा हो जरा!" म्हणून मी एकदा ओरडलेसुद्धा. "हाताले माती नाही लागली तर झोप नाही येत मले," त्या म्हणाल्या.

गणपतरावांनी मात्र मनावर घेतलं. दर रविवारी सायकल काढायची, सीताबर्डीचा बाजार गाठायचा आणि कॅरिअरला रोप बांधून आणायचं. गुलाब झाला, क्रोटन झालं, डेलिया झाला. एकेक रोप आठ-दहा दिवसांत माना टाकी. ज्येष्ठात सातवं मेलं तेव्हा वहिनींचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आला.

"काहून आणून राहिले हे? मी सांगतलं होतं ना, बरडीचं झाड पायजे!"

"मंग बर्डीचंच तर आणून राहिलो! दर ऐतवारी बर्डीले नाही जात का मी?"

सीताबर्डीला आमच्या नागपुरात सगळे नुसतं बर्डी म्हणतात. आणि वहिनींच्या गावाकडे बरडी म्हणजे गोट्यांचं माळरान, जिथं बी पेरत नाहीत. असा हा आमच्या लेआउटमधला ध चा मा! तीन महिने माणूस बाजारात रान शोधत होता. मी हसून हसून बेजार झाले, पण त्या घरात कोणी हसलं नाही.

पहिले दोन-तीन पाऊस झाल्यावर वहिनी स्वतः टेकडीवर गेल्या. बकऱ्या ज्याला तोंड लावत नाहीत आणि जे खडकाच्या फटीत उन्हाळाभर टिकलं, तेच आणायचं, हा त्यांचा हिशोब. घायपात आणली, करवंद आणलं, दोन सीताफळाची रोपं आणली. रुखमाबाई दारातच आडव्या आल्या.

"काट्याचं झाड दारात नको वं. घरात भांडन येते."

"अन् मामी, गुलाबाले का काटे नोयते?" वहिनींनी विचारलं. पण सासूपुढे कोणाचं चालतं? घायपात आणि करवंद रस्त्यापलीकडे गेली. राहिली सीताफळं, आणि तीही काढताना त्यांचं सोटमूळ तुटलेलं.

खड्डे गणपतरावांनी खणले. कचेरीतून आले की सब्बल, म्हणजे पहार, घेऊन दगडावर. लेखणी धरणारे हात, फोडांनी भरले. वहिनी मुरूम उपसत राहिल्या. महिनाभर त्या घरात भांडण ऐकू आलं नाही.

एक रोप भाद्रपदातच गेलं. दुसऱ्याची पानं दसऱ्याच्या आठ दिवस आधी गळाली. वहिनींनी भावाला पत्र टाकलं.

दसऱ्याला दुपारी भाऊ रुपराव आले. अंगणात उघडी काडी उभी. "वायलं हे," ते म्हणाले. "चाल प्रेमिला, पिशवी घे."

मी कुंपणाशी होते. गणपतरावांच्या हातात सोन्याची पानं होती, ती मेव्हण्याला द्यायचीही त्यांना सुचेना. मला रागच आला. अरे, माणसानं निदान राहा तरी म्हणावं!

वहिनींनी एकदा नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं. मग काडीपाशी बसून नखानं साल खरवडली आणि त्यावर तळहात ठेवला.

"आतून हिरवं हाये, दादा. जित्तं हाये हे. तू जेवून जाय."

दुसऱ्या दिवशी त्या नळावर गेल्याचं पाहून मी आत शिरले आणि त्याच जागी नख लावलं. हिरवं कुठलं? काडी आतपर्यंत खडखडीत वाळलेली होती.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, पण हे मी कोणाला सांगितलं नाही. गणपतराव कार्तिकभर त्या काडीला रोज सकाळी पाणी घालत होते.