काडी हातातच होती

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही रोजचंच केलं. बायको ओसरीवर पाय लांब करून बसली, डोळे मिटले. मी खराट्याची काडी घेऊन तिच्या तळव्यांपुढं बसलो. काडी टेकली की तिनं "लागते" म्हणायचं. गोंदियाच्या डॉक्टरनं बारीक दोरा टेकवून असंच पाहिलं होतं. ते पाहून मी शिकलो.

"लागते," ती म्हणाली.

"काडी माह्या हातातच आहे वो बुढे."

"तुमचा हातच असा जड. दुरूनच लागते."

दोघंही हसलो. मी बोटांच्या फटी पाहिल्या. जखम नव्हती. आंघोळीचं पाणी माझ्या कोपरानं पाहून दिलं, कारण तिच्या पायाला गरम कळत नव्हतं.

हे सुरू झालं रोवणीत, धानाच्या लावणीत. दिवसभर चिखलात उभं राहून बायकांच्या बोटांत चिखल्या होतात, तळवे चुणचुणतात. त्यावर टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून लावतात. हिच्या पायात मुंग्या आल्या तेव्हा आम्हीही तेच लावलं. धान कापून झालं तरी मुंग्या जाईनात. मग तळव्यांची आग व्हायला लागली, अंगावरचं पांघरूण पायाला सहन होईना. आणि एक दिवस आग थांबली. तेल लागू पडलं म्हणून ती शेजारच्या बायकांना सांगत फिरली. काही लागू पडलं नव्हतं. पाय मेला होता.

मग ती कापसावर चालल्यासारखी चालायची. चप्पल धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, राहून जायची आणि ही अनवाणी पुढं. मी मागून चप्पल घेऊन.

"काकी, चप्पल कोनासाठी ठेवून आली वो?" शेजारीण विचारायची.

"बुढा येऊन राहिला ना मांगून. त्यायले काम नको का?"

पुढं थंडीत तेल जास्त तापलं. पायाला फोड आला तरी हिनं हूं की चूं केलं नाही. फोड मला दिसला, तिला नाही. तेव्हा गोंदियाला नेलं. डॉक्टर म्हणाला, "काका, शुगर बहुत दिन से है. त्यानं नसा मरून राहिल्या. दारूनं होते, व्हिटॅमिन कमी पडलं तरी होते, पण यांचं शुगरनं आहे." गोळ्या दिल्या. रोज तळवे पाहा म्हणाला. फोड सुकला, आणि तेव्हापासून काडी.

त्या दिवशी दुपारी ती तांदूळ निवडून राहिली होती. एकदम घामानं भिजली.

"जीव घाबरून राहिला जी."

"छातीत दुखते का?"

"नाई. कुठंच दुखत नाई."

कुठंच दुखत नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. तरी गाडी बोलावली. गोंदियाच्या वाटेवर फुलचूरपर्यंत ती बोलत होती, गायीला पाणी पाजायचं राहिलं म्हणत होती. मग तिनं माझ्या खांद्यावर मान टाकली. दवाखान्यात सांगितलं, हार्ट अटॅक. नसा अशा मेल्या की काही जणांना काळजाचं दुखणंही कळत नाही म्हणे. पाय मी रोज पाहत होतो. काळजाला काडी कुठून लावू?

संध्याकाळी तिला पोचवून आलो. घर पाहुण्यांनी भरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे झोपले होते. मी उठलो, चूल पेटवली, पाणी तापवलं. कोपर बुडवून पाहिलं. बरोबर होतं. बादली न्हाणीत ठेवली. खराट्याची एक काडी ओढली आणि ओसरीवर माझ्या जागी जाऊन बसलो.

"लागते," मला नीट ऐकू आलं.

काडी माझ्या हातातच होती. मग मी ती माझ्याच तळव्याला टेकवली.