माझं फुकटचं ॲप आणि घरी आलेलं स्थळ

मंडळी, घरखर्च लिहायचं माझं ॲप तुमच्यापैकी काहीजण वापरता. फुकट आहे, कोडही सगळ्यांना खुला.

आज वडवणीत आमच्या घरी मुलीकडचे आले होते. "पोरगं काय करतंय?" मुलीच्या मामांनी विचारलं. मी ॲप दाखवलं.

"पैसे घेत न्हाई? कावून?"

मी समजावणार, तेवढ्यात अण्णा, माझे वडीलच, म्हणाले, "ते टाइमपास हाय त्याचं. नोकरी बघायलाय."

अण्णा दुधापासून पेट्रोलपर्यंत सगळा खर्च रोज त्याच ॲपमध्ये लिहितात!

पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. लगेच अण्णांनी मोबाइल काढला, चहा-पोह्यांचा खर्च टाकला. त्यासाठी नवं खातं उघडलं: 'वाया'.

नवं खातं उघडायची सोय मी त्यांच्याच हट्टापायी केली होती. आता सांगा, पुढचा कोड कुणासाठी लिहू?