बोळ्याची मीटिंग

"मुंगी चावल्यासारखं होईल हं," असं म्हणून आमचे सर हिरडीत इंजेक्शनची सुई घालायचे. ती कुठल्या रानातली मुंगी, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. निफाडकडचा एक पैलवान त्या मुंगीला भिऊन खुर्चीसकट पळाला, ही बातमी पंचवटीत मीच पसरवलेली आहे. खरं सांगायचं तर खुर्ची जमिनीत बोल्टने घट्ट बसवलेली होती, त्यामुळे पैलवान एकटाच पळाला.

हेच वाक्य ते आम्हा कामाच्या माणसांनाही ऐकवायचे. "या, बसा. मुंगी चावल्यासारखं होईल," असं म्हणाले की समजायचं, आज आपली पाळी.

तुम्हीही कधीतरी दातांच्या दवाखान्यात आडवे झाला असालच. तोंडात आरसा, नळी आणि डॉक्टरांची चार बोटं असताना डॉक्टर विचारतात, "मग, यंदा कांदा काय म्हणतो?" तुम्ही "आं आं" करता आणि विषय संपतो. आमच्या सरांकडे तो तिथे सुरू व्हायचा. "असं होय, चाळीतच सडला का," म्हणत ते पुढचा प्रश्न टाकायचे. बाहेर काउंटरवर बसून मला वाटायचं, आत दोन मित्र पारावर बसलेत. जन्मभर आं-आं ऐकून त्यांना ती भाषाच येऊ लागली होती. कळवणचं आं-आं वेगळं आणि नांदगावचं वेगळं, तेही ते डोळे मिटून ओळखायचे, असं मी पैजेवर सांगतो. पैज मात्र लावू नका.

तर हे सर एकदा कुठल्याशा परिषदेला गेले आणि येताना 'स्टाफ मीटिंग' नावाचं खूळ घेऊन आले. आमचा स्टाफ तो केवढा? काउंटरवर मी, आत सरांच्या हाताशी शोभाताई आणि नव्याने रुजू झालेल्या धाकट्या डॉक्टर मॅडम. एका रिक्षात मावणारं मंत्रिमंडळ. तरी दर शनिवारी दुपारी शटर अर्धं खाली यायचं, कोपऱ्यावरच्या मिसळीची पार्सलं टेबलावर यायची आणि मीटिंग सुरू व्हायची. विषय संपल्याशिवाय मिसळ नाही, हा पहिला नियम.

पहिल्या काही मीटिंगा सरांनी एकट्यानेच केल्या. म्हणजे आम्ही होतो, पण भिंतीवरच्या दातांच्या चित्रांसारखे. "पेशंटला ताटकळत का बसावं लागतं?" असं सर विचारायचे आणि आमचे ओठ विलग व्हायच्या आत स्वतःच सांगायचे, "कारण वेळा नीट दिल्या जात नाहीत. बरोबर ना? बरोबर." ज्यांना उत्तर देता येत नाही अशांनाच आयुष्यभर प्रश्न विचारल्यावर माणसाचं दुसरं काय होणार?

एके शनिवारी मॅडम धीर करून म्हणाल्या, "सर, आम्हालाही बोलू द्या ना."

"बोला की," सर म्हणाले.

बस्स. गंगापूर धरणाचे दरवाजे उघडावेत तसं झालं. मी आणि शोभाताई एकमेकांवर असे सुटलो की विचारू नका. नदीला पूर किती आला, ते आमच्या गावात दुतोंड्या मारुतीकडे बघून ठरतं. त्या दुपारी पाणी मारुतीच्या गळ्याला लागलं होतं.

"तुम्ही मधेच पेशंट घुसवता."

"मग काय त्यांना गाल सुजलेला घेऊन परत पाठवू?"

"हाई काय शे?" शोभाताई सटाण्याकडच्या. राग आला की त्या थेट अहिराणीत उतरायच्या. "औजारं काय फुंकर मारून साफ करू का मी?"

शटरखालून वाकून एक आजोबा आत डोकावले. सुजलेला गाल हातात धरून त्यांनी दोन मिनिटं आमचं युद्ध पाहिलं. "राहू द्या, बरं वाटतंय आता," म्हणाले आणि गेले.

सर उठले. ट्रेमधून कापसाचे बोळे उचलले. दात काढल्यावर पेशंटच्या दाताखाली देतात ना, तसले. एक माझ्या तोंडात, एक मॅडमच्या, एक स्वतःच्या. मग शोभाताईंना पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि हाताने खूण केली, बोला.

नियम असा ठरला. खुर्चीत बसेल तो बोलेल, बाकीच्यांच्या तोंडात बोळा. त्याचं झालं की पुढचा खुर्चीत. जगभरात मीटिंगवर मोठमोठी व्याख्यानं झोडतात म्हणे. आमच्याकडे दोन बोटं कापसात काम भागलं.

त्या दिवशी शोभाताई सावकाश बोलल्या. दोन पेशंटमधे औजारं निर्जंतुक करायला वेळ लागतो, मी मधे माणूस घुसवला की तो वेळ जातो, तो भरून काढायचा म्हणून त्या जेवायच्या सुट्टीत औजारं करतात आणि डबा घरी तसाच परत नेतात. माझ्या जिभेवर याला बारा उत्तरं तयार होती. पण तोंडात बोळा. उत्तर देता येईना, तेव्हा ऐकावंच लागलं. बोळा काढेपर्यंत बाराच्या बारा उत्तरं त्या कापसाने पिऊन टाकली होती. सोमवारपासून मी दुपारची एक वेळ रिकामी सोडायला लागलो, आणि शोभाताईंच्या डब्यातली वांग्याची भाजी मलाही मिळायला लागली.

मीटिंग अशी रुळली. पण माणूस जात लबाड. थोड्याच दिवसांत आमच्या ध्यानात आलं की बोळा असला तरी घशातून बोलता येतं आणि शेजारच्याला ते कळतं. मग काय, सर खुर्चीत बसून स्वच्छतेवर प्रवचन देतायत आणि इकडे आमची आं-आं मधे बैठक चाललीय. "आज प्यान्ट बघ, मांडवाचं कापड उरलेलं दिसतंय." "काम करताना सर गाणं म्हणतात की कॉम्प्रेसर बिघडतो?" आमचे चेहरे मात्र काकडआरतीला बसल्यासारखे. आणि सर बोलत राहायचे, भुवईसुद्धा न हलवता. सगळ्या जिल्ह्याचं आं-आं ज्याला समजतं, त्याच्यापुढे आम्ही आं-आं मधे गुपितं बोलत होतो. एवढी अक्कल आमच्याच दवाखान्यात असू शकते.

मग एका उन्हाळ्यात सरांची मशीनशी भांडणं सुरू झाली. "हे ड्रिल हलतंय," म्हणायचे. मशीनवाला यायचा, सगळं उघडून बघायचा, तेल द्यायचा, "एकदम ओके आहे सर," म्हणून जायचा. चार दिवसांनी पुन्हा फोन. शेवटी शेवटी तो इतका यायचा की त्याला आम्ही मीटिंगला बसवून बोळा द्यायचाच बाकी होतो. मी हसत होतो. शोभाताई मात्र हसत नव्हत्या.

एका शनिवारी सर खुर्चीत बसून मशीनवाल्याच्या नावाने बोटं मोडत होते. माझ्या शेजारी शोभाताई, तोंडात बोळा. समोर बघत, मला ऐकू जाईल एवढंच त्या म्हणाल्या, "मशीन नाही हलत. सरांचा हात हलतो."

सर वाक्याच्या मधेच थांबले. मग "असो" म्हणाले आणि मीटिंग संपली. त्या दिवशी त्यांनी मिसळीला हात लावला नाही. तर्रीवाल्या मिसळीला नाही म्हणणारे सर मी पहिल्यांदाच पाहिले.

पुढच्या शनिवारी ते सगळ्यांच्या आधी येऊन खुर्चीत बसले होते.

"मुंगी चावल्यासारखं होईल," म्हणाले. "तुम्ही बोळा घालून जे जे बोललात, ते सगळं मला कळलेलं आहे. पहिल्या दिवसापासून. माझी प्यान्ट मांडवाची नाही, चांगल्या दुकानातली आहे."

मी खाली फरशीकडे बघायला लागलो. फरशी चांगली होती.

"मॅडम, 'जुना एक्स-रे' कोणाला म्हणालात, तेही कळलं."

मॅडमचे कान हिरडीसारखे लाल झाले.

"आणि शोभाताई," सरांचा आवाज जरा उतरला, "तुम्ही गेल्या वेळी बोललात, ते बोळा काढून सांगा."

शोभाताईंनी मान हलवली. नाही म्हणजे नाही. मग सर खुर्चीतून उठले, त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं, ट्रेमधला एक बोळा उचलून स्वतःच्या दाताखाली धरला आणि स्टुलावर बसले.

शोभाताईंनी पदर सारखा केला. "सर, मुंगी चावल्यासारखं होईल हं," म्हणाल्या. "तुमचा उजवा हात थरथरतो. बारीक. पेशंटला कळत नाही, कारण त्याचे डोळे मिटलेले असतात. मला कळतं. परवा त्या बाईंच्या जिभेशी मी आरसा मधे घातला, तो काही बघायला नव्हता घातला. ड्रिल जिभेला लागू नये म्हणून घातला. अजून कोणाला लागलं नाही. लागायच्या आत तुम्ही थांबावं. कोणाच्या तोंडून तुमचं नाव वाईट निघालेलं मला नाही चालणार."

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला. सर बोळा तोंडात तसाच ठेवून काहीतरी बोलले. बाहेरच्या माणसाला नुसतं आं-आं वाटलं असतं. आम्हा तिघांना शब्दन् शब्द कळला.

"मला खरंच वाटलं हो, मशीनच हलतंय."

मग थोडं थांबून, "सोमवारपासून ड्रिल मॅडमच्या हातात."

मॅडमच्या तोंडात बोळा होता, त्या तशाच म्हणाल्या, "मला नाही जमणार."

"जमेल," सर म्हणाले. "आरसा शोभाताईंकडेच आहे." मग बोळा थुंकून त्यांनी मिसळीचं पार्सल उघडलं आणि माझ्या वाटणीचा पावही खाल्ला. मी बोळा तोंडातच ठेवला. बोललो असतो तरी त्यांना कळलंच असतं.

त्यानंतर काही महिने ते माझ्या शेजारी काउंटरवर बसायचे. भ्यालेल्या पेशंटला गप्पांत गुंतवायचे. इतके गुंतवायचे की दोन माणसं दात न काढताच खूश होऊन घरी गेली. मग पाय भरून यायला लागले, तसे बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन येवल्याच्या घरी राहायला गेले. आता आमची मीटिंग तिघांची असते. ट्रेमध्ये बोळे मात्र शोभाताई चार ठेवतात.

गेल्या आठवड्यात सर आले होते, स्वतःची दाढ घेऊन. खुर्चीत आडवे झाले. मॅडमनी सुई उचलली. "मुंगी चावल्यासारखं होईल हं, सर."

सुई गेली आणि सरांचे डोळे विस्फारले. "अरेच्चा," म्हणाले, "एवढी वर्षं लोकांना खोटंच सांगत होतो की मी."

दाढ निघाली. मॅडमनी दाताखाली बोळा दिला आणि तासभर बोलायचं नाही असं बजावलं. मी आणि शोभाताई त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. रिक्षात बसल्यापासून ते बोलत होते. येवल्याच्या गाडीत खिडकीशी बसले, तरी बोलतच होते. शेजारच्या सीटवरचा माणूस घाबरला. खिडकीतून वाकून त्याने विचारलं, "ताई, बाबांना काही होतंय का?"

"काही नाही दादा," शोभाताई म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी विषय काय, ते विचारतायत."

गाडी हलली. सरांनी उजवा हात बाहेर काढून आम्हाला हलवला. तो हात वळणापर्यंत हलत होता. किती सरांनी हलवला आणि किती आपोआप हलला, ते शोभाताईंनासुद्धा सांगता आलं नसतं. वळणावर मात्र त्या मोठ्याने म्हणाल्या, "सर, हात आत घ्या."

आणि एवढ्या लांबून, बोळ्यातून, सरांचं उत्तर आलं. खोटं वाटत असेल, तर शोभाताईंना विचारा.