आजी, आज वार कोणता?

दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर एक हॉल असतो. दारात चपला काढायच्या, आत बसायचं, आणि नाव पुकारलं की उठायचं. दोन दिवसांत कोणाची चप्पल कोणती ते कळतं, चार दिवसांत कोणाच्या घरात काय चालतं ते! रडू सगळ्यांनाच येत असतं, पण दिवसभर कोण रडणार? मग माणसं बोलतात. अशा गोष्टी साचत जातात. मी सातवी शिकलेली, लिहायची सवय नाही. पण पोटात राहत नाहीत म्हणून लिहिते.

माझ्या सासूबाई न्यूमोनियाने आत होत्या. आम्ही कन्हानचे, दवाखाना नागपुरात, सदरकडे. नवरा खाणीत ड्युटीवर. नऊ महिन्यांची पोरगी बहिणीजवळ ठेवून मी रोज बसने यायचे. श्वासाची मशीन निघाली, ताप उतरला, पण सासूबाईंचं भान गेलं. नाकातली नळी ओढायच्या म्हणून दोन्ही हात पट्टीने पलंगाला बांधले होते. डॉक्टर म्हणाले, "भान आलं की हात सोडू, वॉर्डात नेऊ. तोवर नाही."

तिथल्या सिस्टरने असं भान गेलेल्या तीन पेशंटच्या घरच्यांना बोलावलं. म्हणाली, "आत दिवस कळत नाही, रात्र कळत नाही. लाइट चालू, मशीनची टीं-टीं चालू. माणूस हरवून जातो. औषध आम्ही देऊ, पण हरवलेल्याला घरचा आवाज लागतो. रोज या, नाव सांगा, वार सांगा, घरचं बोला. चष्मा, कवळी, कानाची मशीन, जे असेल ते आणा."

*

दुसऱ्याच दिवशी त्यातले धरमपेठचे काका भली मोठी पिशवी घेऊन हजर! काका बँकेतून रिटायर झालेले, सगळं काम टापटिपीचं. काकू पाच दिवसांपासून कोणाला ओळखत नव्हत्या, बडबडत होत्या.

काकांनी कवळी दिली, कानाची मशीन लावली, चष्मा घातला. काकू भिंतीकडे पाहून डोळे बारीक करू लागल्या. काका घाबरले. "डॉक्टर, हिला दिसत नाहीये! नजर गेली वाटतं!"

डॉक्टर धावत आले. टॉर्च मारला, बोटं दाखवली. काकूंनी शांतपणे चष्मा काढला, उलटून पाहिला, आणि पाच दिवसांतलं पहिलं धड वाक्य बोलल्या.

"हा तुमचा आहे."

*

गजूभाऊ कळमेश्वरकडचे, संत्र्याचा बगीचा आहे. त्यांचे वडील आत डोळे मिटून पडलेले. हाक मारली तरी हूं नाही की चूं नाही. गजूभाऊ पलंगाजवळ हात बांधून उभे राहायचे आणि वेळ संपली की बाहेर यायचे.

सिस्टर म्हणाली, "भाऊ, बोला ना त्यांच्याशी."

"काय बोलू मॅडम?"

"घरी जे बोलता ते."

"घरी मी नाही बोलत. बाबा बोलते, मी आयकतो."

सिस्टरने कपाळाला हात लावला! शेवटी गजूभाऊ दोन दिवस विचार करून आले. वडिलांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाबा, वावरातली मोटर चालू करून आलो. बंद कराची राहून गेली."

वडिलांनी खाडकन डोळे उघडले. "गधा!"

सिस्टरने टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या. गजूभाऊ बाहेर आले ते डोळे पुसत. "मले ओळखलं," म्हणाले.

*

आमचं मात्र काही जमत नव्हतं.

सासूबाईंनी लग्नापासून मला कधी नावाने हाक मारली नाही. घाबरट म्हणायच्या. पोरगी शिंकली की मी डॉक्टरकडे पळते, ती झोपली तर नाकापुढे बोट धरून पाहते, म्हणून. "अवं घाबरट, पोरगी हाय ते, काचेची बरणी नाई!" सगळ्या गल्लीसमोर म्हणायच्या. मी घरात जाऊन रडायचे.

आता रोज जाऊन म्हणायचे, "आई, मी रेखा. हा नागपूरचा दवाखाना. आज सोमवार." सिस्टरने पलंगाजवळ एक पांढरी पाटी लावली होती, तिच्यावर वार लिहिलेला असायचा. खरं सांगायचं तर चार-पाच दिवसांनी मीसुद्धा वार त्या पाटीवरच पाहायला लागले.

सासूबाई मशीनची टीं-टीं ऐकून म्हणायच्या, "बाई, हे कन्हानचं टेसन ना? मंग गाडी काहून येऊन नाई राहिली?"

मला बाई म्हणायच्या. तिकिटाच्या खिडकीतल्या बाईला म्हणावं तसं.

घरी येऊन मी देवापुढे हात जोडले. म्हटलं, एकदा त्या तोंडाने मला घाबरट म्हणू दे.

*

एक दिवस सिस्टर जरा रागातच बाहेर आली. "तुमच्या सासूबाई बिडी पितात हे आधी का नाही सांगितलं? न्यूमोनियाचा पेशंट! सारख्या बोटांनी बिडीची खूण करतात."

मी आत गेले. बांधलेल्या हातांची बोटं चालूच होती. अंगठा पुढे, मग मागे, मग टोक दुमडायचं, मग दोऱ्याचा वेढा.

"सिस्टर, त्या बिडी पिऊन नाही राहिल्या. बांधून राहिल्या!"

तीस वर्षं कामठीच्या कारखान्याचं काम घरी आणून त्यांनी बिड्या वळल्या. त्यावर माझ्या नवऱ्याला शिकवलं. बिडी तोंडाला कधी लावली नाही. वास आला तर पदर नाकाला लावतात.

सिस्टरने दोन्ही हात सोडले आणि कागदाच्या चौकोनी पट्ट्या कापून आणल्या. म्हणाली, "तुम्ही जवळ बसा. हात नळीकडे गेला तर धरा." त्या दिवसापासून मला सकाळ-दुपार जास्त वेळ बसू दिलं. हात एकदाही नळीकडे गेला नाही. संध्याकाळी सिस्टरच्या खिशात कागदी बिड्यांची जुडी! डॉक्टर राउंडला आले तर लपवायला लागली.

*

पण रोज तेवढा वेळ बोलायचं काय? घरच्या गोष्टी संपल्या, गल्लीच्या संपल्या. मग मी माझ्या काळज्याच सांगायला लागले. पोरीला दात येऊन राहिले, जुलाब तर नाही होणार? बहीण पाणी उकळते की नाही? मंगळवारी सांगितलं, "परवा गुरुवारी अंगणवाडीत पोरीची गोवरची सुई आहे. ताप आला तर मी काय करू, आई? तुम्ही पण नाही."

सासूबाई कागद वळत होत्या. वर पाहिलंच नाही.

पलीकडच्या पलंगाजवळून काका म्हणाले, "यात पेशंट नेमकं कोण आहे?"

*

त्यानंतरची गोष्ट. सकाळी आत गेले, पाटी पाहिली. म्हटलं, "आई, मी रेखा. आज बुधवार." त्या कागद वळतच राहिल्या. थोड्या वेळाने डॉक्टर आणि सिस्टर आले.

"आजी, तुम्ही कुठे आहात?"

"दवाखान्यात."

टेसन नाही म्हणाल्या!

"शाबास! आज वार कोणता?"

"गुरुवार."

मी पाटीकडे पाहिलं. बुधवार. सिस्टर हळूच म्हणाली, "नाही आजी, आज बुधवार. हे बघा, लिहिलंय."

"गुरुवार हाय म्हणतो ना!"

डॉक्टरांनी मोबाइल काढला. पाहिला. सिस्टरला दाखवला. सिस्टर कालची पाटी पुसायला लागली.

डॉक्टर वाकले. "आजी, आम्ही सगळे चुकलो. तुम्हाला कसं कळलं?"

सासूबाईंनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"आज पोरीले सुई द्याची हाय. मंग हे घाबरट इथं काहून बसून राहिली?"