ड्रॉवरमधला बॅज

एकोडीची खुशबू कापगते भंडाऱ्याच्या एका हार्ट हॉस्पिटलात सिस्टर होती, तोंडाची फटकळ. अँजिओप्लास्टी करणाऱ्या भुसारी डॉक्टरांचं कौतुक ती घरी हातवारे करून सांगे. "एक्स-रेच्या पेडलवर पाय दाबून ठेवते अन् फोनवर प्लॉटचे भाव बोलत राह्यते. पेशंटवर एक्स-रे चालूच. शिशाचा एप्रन घाला म्हटलं तं म्हणते, पाठ दुखते."

अंगात एक्स-रे किती गेला हे मोजायचा बॅज डॉक्टरांनी छातीला कधी लावलाच नाही. तो बाहेरच्या खोलीतल्या ड्रॉवरमध्ये पडून असे. त्यामुळे त्यांचा रिपोर्ट दर वेळी तान्ह्या बाळासारखा निर्मळ, आणि डॉक्टर तो चारचौघांत मिरवत.

खंडेनवमीला खुशबूने मशीनची पूजा मांडली. कामाची सगळी हत्यारं पूजायची, म्हणून डॉक्टरांचा बॅजही हारात ओवून मशीनच्या दांड्याला टांगला. गाडीचा हार कोणी काढतं का? तसाच हाही तिथेच सुकत राहिला, बॅजसकट.

बॅज तपासणीला पाठवायची वेळ आली तेव्हा तिने तो काढून दिला. रिपोर्टात एक्स-रेचा आकडा इतका चढलेला आला की डॉक्टरांना वरून विचारणा झाली.

"माझा बॅज आत कोणी नेला?" ते लालबुंद होऊन ओरडले.

"मी नेला सर, पूजेले," खुशबू म्हणाली. "पण बॅजले आत एवढं लागते, तं तुम्ही दिवसभर तिथंच उभे राह्यता, अन् पेशंट तं त्याच्या खालीच पडून राह्यते. त्याचं काय?"

डॉक्टरांना मुद्दा पटला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ड्रॉवरला कुलूप बसवून घेतलं.