जावयाची रम, सासऱ्याची कलेजी

बेलापूरचे एलिया सर हायस्कूलमधून निवृत्त झाले, पण रविवारची बैठक काही त्यांनी सोडली नाही. चर्चमधून आले की स्वतः बाजारातून कलेजी आणायची, संध्याकाळी परतायची आणि परसात बसून मित्राबरोबर जुन्या रमचे दोन पेग घ्यायचे. मित्र म्हणजे कानिफनाथ, ऊसवाला शेतकरी. "आपल्याच उसाची लेक हाय ही," म्हणत तो ग्लास उजेडात धरायचा. एक घास, एक घोट, आणि मग ठरलेलं वाक्य, "सर, तुमच्या हाताला तोड न्हाई." एवढ्यावर सरांचा आठवडा सुखात जाई.

एका रविवारी पुण्याहून लेक आराधना आणि जावई जॉय आले. जॉयनं लाकडी पिंपात बारा वर्षं मुरलेली रम आणली होती. सोबत कडू चॉकलेट आणि तव्यावर भाजलेलं अननस. कानिफनाथनं अननसाची फोड चावली, वर घोट घेतला नि डोळेच मिटले.

"आयला, लई भारी! सर, इतकी वर्सं आपन नुसतं तिखटच खात बसलो की वो!"

सर हसले, पण आतून अंगाचा तिळपापड झाला होता. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि शिजत आलेल्या कलेजीत त्यांनी मूठभर लाल तिखट टाकलं.

पहिल्याच घासाला कानिफनाथला ठसका लागला. जॉयच्या डोळ्यांतून पाण्याची धार लागली, तरी तो खात राहिला. "छान झालीय, पप्पा," म्हणाला. सरांना तेही खुपलं.

त्यांच्या पत्नीनं, दयाबाईंनी, एक तुकडा चाखला आणि त्यांना ओट्यापाशी बोलावून घेतलं.

"अहो, जावयाचं तोंड पोळलं की तुमचं पोट निवतं होय?"

सर मान खाली घालून परसात आले. चॉकलेटचा तुकडा तोंडात टाकला, वर रमचा घोट घेतला. खरंच सुरेख लागलं. तेच जास्त झोंबलं.

उरलेली कच्ची कलेजी त्यांनी नीट मन लावून केली. कानिफनाथनं मान डोलावली खरी, पण हात मात्र अननसाकडेच जात राहिला.

दुसऱ्या दिवशी निघताना जॉय म्हणाला, "पप्पा, कलेजी कशी करता ते सांगा ना."

सरांनी आलं-लसूण किती, मिरी कधी, आच केवढी, सगळं सांगितलं. उतरवताना ते वरून झाकणभर रम शिंपडत, तेवढं मात्र सांगितलं नाही.