एक चढाई पळायची, एक चढाई द्यायची

गिदोन मास्तरांना पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते फुटबॉलचे कोच आहेत हे शपथेवर सांगूनही पटत नसे. उंची बेताची, पोट भरघोस आणि पाय असे बाकदार, की दोन गुडघ्यांच्या मधून चेंडू निघून गेला तरी त्यांना पत्ता लागू नये. रविवारी ते शिरूरच्या चर्चमध्ये गाणाऱ्यांना ताल देत आणि सोमवारी त्याच हातवाऱ्यांनी आम्हाला मैदानावर पळवत. तोंडात शिवी नाही. फारच संतापले तर "अरे शौला!" म्हणून ओरडत. शौल म्हणजे बायबलातला, स्वतःच्या चुकीनं राज्य घालवलेला राजा; पण तो आदल्या वर्षी नापास झालेला कुणी खेळाडू असावा, अशी आमची बरेच दिवस समजूत होती.

मिशनच्या शाळेत ते कवायत शिकवायचे. शिरूरला कॉलेज निघालं तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन प्रिन्सिपॉलसाहेबांना गळ घातली आणि फुटबॉलचा संघ उभा केला. वीस वर्षं हा एक संघ त्यांच्या डोक्यात खेळत होता. आता त्याला पाय फुटले होते, आणि त्यातले दोन खरोखरच चांगले होते. बाकीचे वीस सोडून द्या. मी गोलकीपर होतो, तेव्हा माझे त्या विसातच धरावेत.

चांगला उजवा पाय सर्जेरावचा. हा मांडवगण फराट्याचा गडी कबड्डीतून आलेला. चेंडू मिळाला की मान खाली घालून सुटायचा. दोघांना खांद्यावर घेऊन, तिघांना मागं ओढत गोलापर्यंत जायचा आणि तिथं दम संपून चेंडू शत्रूच्या हवाली करायचा. चांगला डावा पाय बाळासोचा. तोही मांडवगणचाच. त्याच्या पायाला नेम होता, पण चेंडूच मिळत नसे. पंगतीत वाढप्यानं विसरलेल्या पाहुण्यासारखा तो डावीकडं मोकळा उभा राहायचा.

"अरे, पास दे! तो मोकळा आहे!" मास्तर ओरडायचे.

"सर, मी कमावलेला बॉल त्येला कशापायी द्यायचा?" सर्जेराव धापा टाकत विचारायचा.

खरं कारण मास्तरांना उशिरा कळलं. दोघं सख्ख्या चुलतभावांची मुलं. वस्ती एक, विहीर एक आणि सहा वर्षं घरांमध्ये अबोला. विहिरीचं पाणी बारीनं वाटलेलं होतं: एक दिवस सर्जेरावच्या बापाचा, एक दिवस बाळासोच्या बापाचा. एका उन्हाळ्यात बाळासोचे वडील ज्ञानूआप्पा यांनी आपली बारी नसताना पाणी घेतलं. सर्जेरावचे वडील हौसराव आबा खोरं घेऊन धावले. डोकं फुटलं, तालुक्याला जबान्या झाल्या आणि तेव्हापासून बोलणं बंद. आधी बोलेल तो हरला, असा तिकडचा कायदा. तो पोरांनाही लागू.

मास्तर एकदा समजूत घालायला वस्तीवर गेले. समजूत कुणाचीच पडली नाही, पण त्यांनी विहिरीवर एक गोष्ट पाहिली. सूर्य उगवला. हौसराव आबांनी आपला दांड, म्हणजे शेताकडं जाणारा पाट, बुजवला आणि पाठ फिरवली. ज्ञानूआप्पा आले, त्यांनी आपला दांड फोडला. एकमेकांकडं पाहिलं नाही, चकार शब्द नाही आणि पाण्याचा एक थेंब वाया गेला नाही.

मास्तर परत आले ते जवळजवळ नाचतच.

"आजपासून आपल्याकडं बारी!" त्यांनी जाहीर केलं. "एक चढाई सर्जेरावनं पळायची. पुढच्या चढाईत चेंडू बाळासोला द्यायचा. मग पुन्हा पळायची. बोलायची गरज नाही, मागायची गरज नाही. बारी म्हणजे बारी!"

सर्जेरावनं मान डोलावली. पास त्याला कळत नव्हता, बारी रक्तात होती. दुसऱ्याच दिवसापासून चेंडू असा सुटायला लागला, की आम्ही पाहतच राहिलो. वडगाव रासाईच्या पोरांना आम्ही चार गोलांनी हरवलं. आणखी दोन संघ गारद केले.

प्रिन्सिपॉलसाहेबांना मात्र फुटबॉलचं वावडं होतं. त्यांच्या मते बावीस माणसांनी एका चेंडूमागं धावण्यापेक्षा बावीस चेंडू आणणं सोपं. मास्तरांनी पुण्याच्या आंतरकॉलेज स्पर्धेला नाव पाठवायची गोष्ट काढली, तेव्हा साहेबांनी अट घातली. "दौंडच्या रेल्वेवाल्यांना हरवून दाखवा. हरलात किंवा बरोबरी झाली, तर फुटबॉल बंद. त्या मैदानावर व्हॉलीबॉलचे खांब रोवायचेत मला."

मास्तर हो म्हणाले. घरी जाऊन दोन दिवस जेवले नाहीत, असं दयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, आम्हाला सांगितलं. कारण रेल्वेच्या संघाचा म्होरक्या अब्राहाम हा दयाबाईंचाच धाकटा भाऊ होता. लोकोशेडमध्ये फिटर. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचा आणि समोरच्या संघाचा डावही तसाच ओळखायचा.

सदुसष्टच्या जानेवारीत, एका रविवारी दुपारी, दौंडच्या मैदानावर सामना सुरू झाला. प्रिन्सिपॉलसाहेब खुर्ची टाकून बसले होते. हौसराव आबा आणि ज्ञानूआप्पाही आले होते. एका वस्तीवरून, एकाच वाटेनं, दोन बैलगाड्या करून. एक मैदानाच्या या कडेला उभा, दुसरा त्या.

"दाजी," अब्राहामनं मास्तरांना हाक मारली, "अक्काला सांगून आलाय ना? रडत घरी गेलात तर ती मलाच बोलंल."

"खेळ तू आधी," मास्तर म्हणाले.

पहिल्या चढाईत सर्जेराव पळाला आणि गोल थोडक्यात हुकला. दुसरीत पास; बाळासोचा फटका खांबाला घासून गेला. तिसरीत पुन्हा सर्जेराव. अब्राहाम कमरेवर हात ठेवून पाहत होता, शेडमध्ये इंजिन ऐकावं तसा. चौथी चढाई झाली आणि तो हसला.

"अरे, ही पोरं मोजून खेळतायत! एक ह्याची, एक त्याची!"

पाचव्या चढाईला सर्जेरावपुढं तिघांची भिंत उभी राहिली. सहाव्या चढाईला सर्जेरावला कुणी विचारलंच नाही. दोघं जण बाळासोला अगदी चिकटून उभे राहिले आणि पास त्यांच्या पायात जाऊन पडला. तिथून तो चेंडू माझ्यापर्यंत आला आणि माझ्या डोक्यावरून जाळ्यात गेला. मी उडी मारली होती. चेंडू गेल्यावर मारली, एवढंच.

मध्यंतराला शून्य–एक. साहेब घड्याळ पाहत होते. मास्तरांनी आम्हाला गोल करून बसवलं.

"आता बारी मोडायची," ते म्हणाले.

सर्जेरावनं मान वर केली. "सर, दुसरं काय बी सांगा. बारी मोडली म्हनून आमच्यात डोकं फुटलंय."

"अरे बाबा, बारी कशासाठी असते? पिकासाठी ना? मग जिथं पीक सुकतंय तिथं आधी पाणी द्यावं. बारी कुणाची का असेना!"

सर्जेरावचा चेहरा तापल्या तव्यासारखा झाला. तो उठून उभा राहिला.

"ह्येच म्हनला हुता ह्येचा बाप! त्या दिवशी विहिरीवर, अक्षर न् अक्षर! कांद्याचं रोप सुकतंय म्हनून बारी मोडली म्हनला. तुमी बी त्येंच्यातलंच व्हय, सर?"

बाळासो खाली मान घालून गवत उपटत होता. एका वाक्यात मास्तरांनी सहा वर्षांचं भांडण मैदानावर आणून सोडलं होतं. "अरे शौला," ते अगदी हळू म्हणाले. या खेपेला शौल म्हणजे ते स्वतःच, हे आम्हाला बरोबर कळलं.

तेवढ्यात शिट्टी झाली.

पहिली चढाई हिशेबानं सर्जेरावची. तो पळाला, भिंतीवर आपटला. दुसरी बाळासोची. रेल्वेवाले बाळासोभोवती जमले. पण सर्जेरावनं डोक्यात राख घालून घेतली होती. बारी नसताना तो तसाच पळत सुटला. समोर मैदान मोकळं! अब्राहाम वळेपर्यंत चेंडू जाळ्यात.

एक–एक.

हौसराव आबांनी टोपी उडवली. "वा रं माझ्या वाघा! कुनाला दिऊ नगंस!"

मास्तरांना हसावं की रडावं कळेना. कारण पुढं काय होणार ते त्यांना दिसत होतं. अब्राहामलाही दिसलं. "ह्यो आता देतच न्हाई! सगळे ह्याच्यावर या!"

मग वीस मिनिटं नुसता छळ चालला. सर्जेराव पळायचा, चार जण त्याला घेरायचे, चेंडू जायचा. पुन्हा पळायचा, पुन्हा जायचा. डावीकडं बाळासो एकटा, मोकळा. त्यानं तोंड उघडून मागितलं असतं तर? पण मागायचं म्हणजे बोलायचं. सर्जेरावनं नुसतं नजर उचलून पाहिलं असतं तर? पण पाहायचं म्हणजे नमायचं. त्या कडेला ज्ञानूआप्पा ओठ आवळून उभे होते. मास्तर रेषेला चिकटून चालत होते. एकदा तर तंद्रीत मैदानातच शिरले आणि पंचानं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

"किती राहिलं?" त्यांनी विचारलं.

"तीन मिनिटं," पंच म्हणाला.

साहेबांनी धोतराचा सोगा सावरला. निघायची तयारी.

सर्जेरावला मैदानाच्या मधोमध चेंडू मिळाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला खांद्यानं सारलं. मग चौघं आले आणि त्यात अब्राहाम. सर्जेरावचा वेग तुटला. चेंडू अजून पायात होता, पण वाट संपली होती. मी मागून सगळं पाहत होतो.

आणि डावीकडून आवाज आला. फाटका, सहा वर्षं न वापरलेला.

"सर्जा! हिकडं!"

सर्जेरावचा पाय हवेतच थबकला. अब्राहामसुद्धा क्षणभर गोंधळला, कारण या पोराचा आवाज त्यानं दिवसभरात ऐकलाच नव्हता. सर्जेरावनं मान वळवून बाळासोकडं पाहिलं. रागानं पाहिलं असेल, नवलानं पाहिलं असेल, पण पाहिलं. आणि चौघांच्या पायांमधून चेंडू डावीकडं सरकवला.

बाळासोनं तो थांबवलासुद्धा नाही. आला तसाच मारला.

दोन–एक.

उरलेली दोन मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. अब्राहामचा एक फटका माझ्या छातीवर आदळून बाहेर गेला. मी अडवला असं लोक म्हणाले, मीही नाही म्हटलं नाही. शिट्टी झाली तेव्हा मास्तर मटकन गवतात बसले आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकला. अब्राहाम जवळ येऊन बसला. "दाजी, उठा. अक्का मला जेवायला घालायची न्हाई आता."

तोवर हौसराव आबा छाती काढून आले. "मास्तर, आधी कोन बोललं? त्यांचं पोरगं बोललं! समद्या दौंडानं ऐकलं!"

पाठोपाठ ज्ञानूआप्पा. "मास्तर, आधी दिलं कुनी? त्यांच्या पोरानं दिलं! बारी नसताना! सांगा त्यांना!"

"मास्तर, त्यांना म्हनावं, मागितलं म्हनून दिलं!"

"मास्तर, त्यांना म्हनावं, दिलं ते दिलंच!"

दोघंही जिंकले होते. असा आनंद मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. सर्जेराव आणि बाळासो मात्र पाण्याच्या बादलीशी उभे होते. रेषेबाहेर आल्याबरोबर अबोला पुन्हा सुरू झाला होता. फक्त तांब्या एकानं खाली ठेवला, की दुसरा तो पुसून न घेता तसाच उचलत होता.

प्रिन्सिपॉलसाहेब खुर्चीवरून उठून आले. थोडा वेळ त्यांनी व्हॉलीबॉलला मनातल्या मनात निरोप दिला असावा.

"गिदोनराव, दिला शब्द पाळतो. उद्या पुण्याला नाव पाठवा."

मास्तर उठले, विजारीचं गवत झटकलं, डोळे पुसले आणि अजून भांडणाऱ्या दोघा बापांकडं एकवार पाहिलं.

"पाठवतो साहेब," ते म्हणाले. "पण पुण्याला फक्त पोरं न्यायची. ही माझी अट."